खुजा समुद्रघोडा

बुद्धिबळाच्या पटावरील घोडा आक्रसून करंगळीच्या पेराएवढा झाला तर जसा दिसेल, तसा हा मासा दिसतो. पूर्ण वाढ झाल्यावरहि उंची जेमतेम १ इंच. आयुष्य सुमारें १ वर्षाचें. फ्लॉरिडा, बहामा बेटें व मेक्सिकोचें आखात येथील उथळ, संथ पाण्यांतील सागरी गवताचीं कुरणें हें त्याचें घर. पोहण्यांत त्याच्याइतका मंद मासा दुसरा नाहीं. म्हणून गवताच्या पात्याला शेपटीचा विळखा घालून तो भक्ष्याची वाट पाहतो. पण त्याचें मुख पुढें सरतांना भोंवतालचें पाणी इतकें थोडें हालतें, कीं अत्यंत सावध असे सूक्ष्म जलजीवहि फसतात. संथ पाण्यांत त्याच्या १०० पैकीं सुमारें ९० झडपा साधतात, असें २०१३ सालच्या संशोधनांत आढळलें.

एवढासा जीव काचेच्या लहान पात्रांत सहज नांदेल, असें कोणासहि वाटावें. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत मुलांच्या चित्रकथांतून जाहिराती देऊन हे मासे टपालानेंहि विकले जात! जागा त्यास खरोखरच थोडी पुरते. अडचण आहे ती अन्नाची. त्याला जठरच नाहीं. गिळलेलें अन्न झपाट्यानें आंतड्यांतून निघून जातें. म्हणून आर्टेमिया नांवाच्या खाऱ्या पाण्यांतील जीवाचीं नुकतींच अंड्यांतून निघालेलीं, जिवंत पिलें त्याला रोज निदान दोनदां द्यावीं लागतात. निर्जीव अन्नास तो सहसा शिवत नाहीं.

एवढी खटपट करणाऱ्या गृहस्थास एक नवल मात्र पाहावयास मिळतें. मादीनें दिलेलीं अंडीं नर आपल्या पोटावरील पिशवींत १०–१२ दिवस वागवतो आणि पिलांना जन्महि तोच देतो. तीं पिलें जन्मतांच आधाराला पातें शोधूं लागतात, आणि त्यांनाहि लगेच भूक लागलेली असते.