टाळेबंदी : एका इंग्रजी शब्दाची चावी



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण गेटसभेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तथापि काही इंग्रजी शब्दांचा अर्थ आम्हांला कोशात शोधावा लागला नाही; तो आमच्या दारी चालत आला. त्यांपैकी एक शब्द आज आपल्यापुढे ठेवतो. तो शब्द म्हणजे 'लॉकआउट'.

शब्द दिसायला सोपा. 'लॉक' म्हणजे कुलूप घालणे, 'आउट' म्हणजे बाहेर. मराठीत आपण त्याला 'टाळेबंदी' म्हटले. भाषांतर वाईट नाही. पण त्यात 'आउट' गळून पडले. टाळे लागले एवढे कळते. माणूस टाळ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. रात्री वाणीही दुकानाला टाळे लावतो. त्याला कोणी टाळेबंदी म्हणत नाही, कारण कामाचा हक्क असलेला कोणी माणूस बाहेर ताटकळत नसतो.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे 'लॉकडाउन' आला आणि त्यालाही लोक 'टाळेबंदी'च म्हणू लागले. वास्तविक तुरुंगात कैद्यांना कोठडीतून बाहेर पडू द्यायचे नाही, याला इंग्रजीत लॉकडाउन म्हणत. एक शब्द माणसाला आत कोंडतो, दुसरा बाहेर ठेवतो. दोघांना एकच मराठी नाव पडल्यामुळे आज एखादा कामगार "टाळेबंदीत पगार बुडाला" असे सांगतो, तेव्हा अर्ज लिहिणाऱ्याला आधी विचारावे लागते, "बाबा, सरकारची की मालकाची?"

कायद्याने हा शब्द नीट मोजून घेतला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने लॉकआउटचे तीन प्रकार सांगितले : कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे, किंवा कामावर असलेल्या माणसांना पुढे कामावर ठेवण्यास नकार देणे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हीच व्याख्या ठेवली. यात कुलपाचा उल्लेख नाही हे ध्यानात घ्या. फाटक सताड उघडे असले, पण पाळीवर आलेल्या माणसांना मालकाने काम नाकारले, तरी ती टाळेबंदी होऊ शकते.

तिचे शेजारीही ओळखले पाहिजेत. कोळसा नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडले, म्हणून काम देता येत नाही, तो 'ले-ऑफ'. कायद्याच्या अटींत बसणाऱ्या कामगाराला त्यात मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कारखाना कायमचा मिटवला तर ते 'क्लोजर'. कामगारांनी एकजुटीने काम थांबवले तर तो संप. गेटबाहेरून चारही गोष्टी सारख्याच दिसतात : भोंगा नाही, धूर नाही, माणसे रस्त्यावर. पण घरी काय येणार ते नावावर ठरते. संप बेकायदा ठरला तर त्या दिवसांचा पगार गेला. टाळेबंदी बेकायदा ठरली तर तोच पगार मागता येतो.

याचे उत्तम उदाहरण अहमदाबादचे आहे. प्लेगच्या दिवसांत गिरणीमालकांनी दिलेला बोनस बंद होणार, म्हणून १९१८ साली तंटा झाला. मालक २० टक्के वाढ देऊ म्हणत होते. गांधीजींच्या सल्ल्याने कामगारांनी ३५ टक्क्यांची मागणी धरली. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूला त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. २२ फेब्रुवारीला मालकांनी टाळेबंदी केली. १२ मार्चला त्यांनी २० टक्के पत्करणाऱ्यांसाठी गिरण्या उघडल्या. त्या दिवसापासून लढ्याचे नाव बदलले. टाळेबंदीचा संप झाला. माणसे तीच, रस्ता तोच, चूलही तशीच थंड. पण कालपर्यंत त्यांना दुसऱ्याने बाहेर ठेवले होते. आता बाहेर राहण्याचा निश्चय रोज सकाळी ज्याचा त्याला करायचा होता. हे जास्त कठीण. माणसे डळमळू लागली, आणि १५ मार्चला गांधीजींनी उपवास मांडला. १८ तारखेला तडजोड झाली, आणि पुढे लवादाने ३५ टक्के मान्य केले.

आमच्याही अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात पहिल्या पाळीची माणसे डबे घेऊन आली, तो गेटला साखळी आणि फळ्यावर नोटीस. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, 'कामगारांचा संप'. त्या एका शब्दाने वाण्याने उधारी आखडली, घरमालक बोलू लागला, आणि सोयरे म्हणाले, "कशाला हे धंदे करता?" आम्ही हजेरीसाठी रोज गेटवर उभे राहून सह्यांचा कागद करीत होतो. संप करणारा हजेरी मांडत नाही, एवढे साधे कोणी पाहिले नाही.

आता या शब्दाचा दुसरा उपयोग सांगतो. कारखान्यात यंत्र दुरुस्त करताना कोणी चुकून वीज सुरू करू नये, म्हणून मेनस्विच बंद करून त्याला कुलूप घालतात व नावाची चिठ्ठी लावतात. यालाही लॉकआउटच म्हणतात. चार फिटर असतील तर चार कुलपे, आणि प्रत्येकाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. शेवटचा माणूस यंत्रातून बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत साहेबालाही स्विच ओढता येत नाही. इथे बाहेर ठेवली जाते ती वीज, आणि वाचतो तो माणूस.

तेव्हा श्रोतेहो, आपणांकडे आमचे एवढेच मागणे आहे. 'कारखाना बंद' अशी बातमी वाचाल तेव्हा लगेच दोष वाटू नका. आधी विचारा, कुलूप कोणी घातले, आणि चावी कोणाच्या खिशात आहे? उत्तर मिळाले की बातमीचा खरा शब्द आपला आपल्याला सापडेल.