भुईआवळ्याची चौकशी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली दोन वर्षं मी एका झाडपाल्याची चौकशी करतोय. माझ्या मेहुण्यांना हिपॅटायटिस बी आहे, जुना, यकृतात मुरलेला. त्यांनी फोनवर विचारलं, "भावोजी, तुमच्या बारवी धरणाच्या रानात भुईआवळा ढिगानं मिळतो म्हणे. तो चालू करून गोळ्या बंद करू का?"

भुईआवळ्यासाठी बारवीपर्यंत जायला नको. पावसाळ्यात तो आपल्या पंपाच्या खोलीमागेही उगवतो. पानांखाली ओळीनं बारीक हिरवी फळं. पण बँकेत आयुष्य गेलेला माणूस कागद बघितल्याशिवाय हो म्हणत नाही, म्हणून मी वाचायला बसलो.

कागद निघाला तो दमदार होता. मद्रासचे डॉ. त्यागराजन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं: महिनाभर भुईआवळा घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण गेली, नुसती खोटी गोळी घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाची. हिपॅटायटिस बीच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळवलेले ब्लुमबर्गही त्या लेखाचे सहलेखक. मला वाटलं, काम झालं! पण १९९० साली थायलंडमध्ये तसाच प्रयोग झाला, त्यात तो परिणाम दिसलाच नाही. एका शाखेचा ताळेबंद दुसऱ्या शाखेशी जुळला नाही तर आपण काय करतो? सही थांबवतो.

मग इतके लोक 'झाडपाल्यानं कावीळ गेली' असं का सांगतात? ते खोटं बोलत नाहीत. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. त्या काळात माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की जमा त्यांच्या खात्यावर होते. (आंब्याच्या सालीचा रस हाताला लावला असेल तर चुन्याचं पाणी पिवळं होतंच, कावीळ असो वा नसो.) जुना बी मात्र असा उतरत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि यकृत आतून कडक होत जातं. माणूस म्हणतो, मला काहीच त्रास नाही.

'झाडपालाच तो, अपाय तर नाही ना?' हेही ऐकतो. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरात होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे यकृत बिघडलेले सहा रुग्ण आढळले. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. तशीच दिसणारी दुसरी वेल असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद राहू द्या. पण ओळखीतच घोटाळा होत असेल, तर रानातून तोडून आणणाऱ्या तुम्हां-आम्हांला ती वेल कशी ओळखू येणार?

आयुर्वेदाची मी थट्टा करत नाही. आमच्या आईच्या घरी वैद्यांचंच चालायचं. मात्र बी ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या आज आहेत, आणि त्या मनानं बंद केल्या तर आजार एकदम उसळू शकतो. सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बराच होतो. हे मी मेहुण्यांना सांगितलं. ते दोन दिवस रागावले होते, मग म्हणाले, "डॉक्टरांना विचारतो." गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते.

बी आईकडून बाळाला आणि रक्तातून पसरतो. ज्यांच्या घरी कोणाला तो आहे, त्यांनी बाकीच्यांची रक्ततपासणी करून घ्या, लस आहे. माझी कात्रणांची फाईल ऑफिसात ठेवली आहे. वाचून झाल्यावर परत ठेवा, एवढंच.