गर्भाशयमुखाचा कर्करोग : उत्तर रक्तात नाही



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान थोड्याशा रक्तावरून व्हावे, ही अपेक्षा गैर नाही. तिच्यामागे स्त्रियांचा अनुभव आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जायचे आणि आडोसा नसलेल्या खोलीत परक्या पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायचे, यापेक्षा हात पुढे करून सुई टोचून घेणे केव्हाही सोपे. म्हणूनच रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीची चर्चा निघाली की कार्यकर्त्यांच्या आशा पालवतात. परंतु शास्त्र या बाबतीत निराळेच सांगते.

हा रोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या काही जातींमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये त्यांतील दोन प्रमुख जाती शोधल्या. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तात फिरत नाही. तो गर्भाशयमुखाच्या आवरणातच घर करून राहतो. त्यामुळे शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते आणि लागण झालेल्या कित्येक स्त्रियांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. ज्यांच्यात होतात, त्यांच्यात ती विषाणू निघून गेल्यावरही टिकतात. लस घेतलेल्या मुलीच्या रक्तातही ती असतातच. म्हणजे ही चाचणी फार तर मागचा इतिहास सांगेल. आज काय चालले आहे, ते सांगणार नाही. विषाणूच्या ई-६ व ई-७ या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे कर्करोगाशी अधिक निगडित आहेत, हे खरे. परंतु ती सापडतात बहुधा रोग बळावल्यावर, आणि तीही सर्व रुग्णांत नाही. उपाय सोपा असतो तो त्याआधीच्या दीर्घ काळात.

कर्करोगाची भीती बाजारात विकली गेली म्हणजे काय होते, हे बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांनी भोगले आहे. राज्य शासनाच्या समितीच्या २०१९ मधील अहवालानुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कर्करोग होईल असे डॉक्टरांनी सांगितले, असे त्यांतील अनेकींचे म्हणणे होते. बेभरवशाच्या रक्तचाचणीचा कागद अशा व्यवहाराच्या हाती पडला, तर तो कशासाठी वापरला जाईल?

खरे उत्तर त्याच मराठवाड्यात सापडले आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखावरील नमुन्यात थेट विषाणूच शोधणारी चाचणी आयुष्यात एकदा ज्या गटाला देऊ केली, त्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ६४. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटाला मात्र नेहमीची आरोग्यसेवा होती, म्हणजे तपासणी नव्हतीच. त्या चौसष्ट जणींचा हिशेब शास्त्राच्या वहीत मांडून संपत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी करवली गेली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. विषाणूच्या चाचणीचा नमुना तर स्त्री स्वतःच, आडोशाला जाऊन, घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला मान्यता आहे. रक्तचाचणीकडून जी सोय हवी होती, ती इथे आहे. आढळलेली पूर्वावस्था गोठवून किंवा उष्णता देऊन दूर करता येते. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करण्याच्या सूचना काढल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के! कागद पोचला, परिचारिका पोचली नाही. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन आकडे मागावेत: गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी झाली, आणि दोष आढळलेल्यांपैकी कितींवर उपचार झाले. आकडे मिळाले नाहीत, तर तोच प्रश्न ग्रामसभेत, स्त्रियांच्या तोंडून, पुन्हा विचारला जावा.