निद्रिस्त सिलिंडर

जबलपूरने देशाला जी वाहने दिली, त्यांत ‘जोंगा’चे स्थान वेगळे आहे. तिच्या नावातच या शहराचे आद्याक्षर आहे. १९६९ पासून तिची निर्मिती येथे होऊ लागली आणि १९९९ च्या सुमारास ती थांबली. निस्सान कंपनीच्या आराखड्यावर बेतलेल्या या लष्करी गाडीला सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. चढण असो वा सपाटी, गाडी भरलेली असो वा रिकामी, सहाही सिलिंडर आपला घास घेतच राहत. पुढे लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा नागरिकांच्या हाती आल्या, तेव्हा अनेकांनी हे खादाड इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसविले.

काम कमी असता सर्वांनी का खपावे, हा प्रश्न साधा आहे. त्याचे एक उत्तर म्हणजे काही सिलिंडरांना तात्पुरती विश्रांती देणे. पेट्रोल इंजिनाचा जोर हवेची वाट कमी-अधिक करून आवरला जातो. ओझे हलके असले की थ्रॉटलचे दार जवळजवळ मिटते, आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच दट्ट्यांची बरीच शक्ती वाया जाते. निम्मे सिलिंडर थांबविले, तर उरलेल्यांना अधिक ओझे घ्यावे लागते, दार अधिक उघडते व हा अपव्यय घटतो. विश्रांती घेणाऱ्या सिलिंडरांचे इंधन तोडतात आणि दोन्ही बाजूंच्या झडपाही मिटून ठेवतात. आत कोंडलेला वायू स्प्रिंगप्रमाणे दबतो आणि फुलतो. केवळ प्लगची तार काढल्याने हे साधत नाही. उलट जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते.

१९८१ मध्ये कॅडिलॅकने आठांचे सहा आणि सहांचे चार सिलिंडर करणारे इंजिन बाजारात आणले. त्या वेळची नियंत्रणयंत्रणा या कामास अपुरी पडली, आणि पुष्कळ मालकांनी ती तोडून घेतली. या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील मोठ्या पिकअप गाड्यांत ही युक्ती पुन्हा आली. त्यांतील काही इंजिनांत तेलाच्या दाबाने खिळी सरकून खास टॅपेट झडपेला ढकलणे थांबवितो. तो अडकला वा झिजला, तर दुरुस्तीसाठी इंजिन उघडावे लागते. म्हणून काही मालक निदानाच्या खोबणीत एक छोटे उपकरण खोचून सर्व सिलिंडर सदैव जागे ठेवतात.

या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. उपकरणाने थरथर थांबेल, आवाज एकसारखा होईल. परंतु तो नाजूक टॅपेट इंजिनात तसाच राहील, आणि झिजलेला भाग काही पूर्ववत होणार नाही. इंधनातील बचत मात्र हातची जाईल. मुळापासून बदल करायचा, तर कॅमशाफ्ट, टॅपेट आणि नियंत्रणातील आज्ञावली ही तिन्ही बदलावी लागतात. शिवाय हमी आणि धूर-नियमन यांचाही विचार करावा लागतो. योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलणे हा त्याहून स्वस्त मार्ग होय.

महाराष्ट्रातही हे तंत्र आले आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कुशाकच्या दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनात २०२१ पासून चारांपैकी मधले दोन सिलिंडर प्रसंगी विश्रांती घेतात. आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्या मात्र डिझेलच्या. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवून जोर आवरण्याची पद्धत मुळात नाही; त्यामुळे इंधनाच्या बचतीसाठी तेथे या युक्तीचे प्रयोजनही अल्पच.

तात्पर्य, ज्याची गाडी दिवसभर गोहलपूरच्या गल्लीबोळांत थांबत-चालत असते, त्याला या विश्रांतीचा लाभ थोडाच. कटनीच्या मार्गावर एका गतीने जाणाऱ्याला तो अधिक. यंत्र आपल्याला साजेसे आहे की नाही, हे त्याच्या सामर्थ्यावरून ठरत नाही. आपले रोजचे काम काय, यावरूनच ते ठरते. तो हिशेब आधी मांडावा. तार तोडायची की नाही, हे नंतर ठरवावे.