ऑगस्टीनचे प्रवचन आणि हिप्पोचे श्रोते



इसवी सन ३८६ मध्ये, द्राक्षांच्या सुगीची सुटी लागण्याच्या सुमारास, मिलान नगरातील वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापकाने आपले पद सोडण्याचा निश्चय केला. छातीचा विकार जडला होता, आवाज साथ देत नव्हता. तेव्हा प्रकृतीचे कारण खोटे नव्हते. परंतु आवाज पूर्ववत झाला असता तरीही तो गृहस्थ त्या आसनाकडे परतला नसता. शब्दांचा व्यापार करण्याचा त्याला वीट आला होता. हा अध्यापक म्हणजे ऑगस्टीन. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला ज्याने पुढील हजार वर्षांचे वळण दिले, तोच हा पुरुष.

त्याचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या लहान गावी झाला. रोमन साम्राज्यात वक्तृत्व ही हौस नव्हती. न्यायालय, राज्यकारभार आणि दरबार या तिन्हींची किल्ली तीच होती. मध्यम स्थितीतील बापाने ओढाताण करून मुलाला शिकविले ते याच आशेने. कार्थेज, मग रोम आणि ३८४ मध्ये मिलानचे शासकीय अध्यापकपद, अशी त्याची चढती कमान होती. मिलान हे त्या वेळी सम्राटाच्या निवासाचे नगर असल्याने प्रसंगोपात्त राजस्तुतीपर भाषणे करणे हेही या पदाचे कर्तव्य होते. अशाच एका स्तुतिपर भाषणाच्या तयारीत असताना रस्त्यावर एक भिकारी थोड्याशा दारूच्या धुंदीत हसताना त्याला दिसला. पुष्कळ खोटे बोलावयाचे, आणि ते खोटे आहे हे पक्के जाणणाऱ्यांनीच त्याला दाद द्यावयाची, या विचाराने ऑगस्टीन त्या दिवशी पोखरून निघाला होता. भिकारी निदान आनंदात तरी होता. ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात हा प्रसंग त्याने स्वतःच नोंदविला आहे.

ख्रिस्ती धर्माचे आणि या विद्येचे नाते आरंभापासूनच अवघडलेले होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने वाक्चातुर्यावर आपली भिस्त नसल्याचे स्पष्ट सांगितले. (ते सांगतानाही पौलाची शैली बेतशीर आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.) उलट बाजूने, सुशिक्षितांना बायबलची लॅटिन भाषांतरे ओबडधोबड वाटत. तरुण ऑगस्टीनने सिसेरोच्या भारदस्त गद्यानंतर ती हाती घेतली आणि नाक मुरडून बाजूला ठेवली. मिलानचा बिशप अँब्रोज याच्या प्रवचनांना तो जाऊ लागला, तोही प्रथम केवळ त्याची वाणी पारखण्यासाठी. परंतु शब्दांसाठी उघडलेल्या कानांतून अर्थही आत शिरत गेला. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्याच हातून त्याने बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षी पूर्वेकडे अंत्युखिया नगरात नव्या कराच्या घोषणेवरून दंगल उसळली आणि लोकांनी सम्राटाच्या घराण्याचे पुतळे पाडले. शहर शिक्षेच्या भीतीने गोठून गेले असता योहान या तरुण धर्मगुरूने आठवड्यामागून आठवडे प्रवचने करून त्याला धीर दिला. हाच पुढे ‘क्रिसोस्टम’, म्हणजे सुवर्णमुख, म्हणून विख्यात झाला. त्याचे दुखणे वेगळेच होते: लोक टाळ्या वाजवीत. धर्ममंदिर हे नाट्यगृह नव्हे, असे त्याने परोपरीने बजावले; पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये टाळ्यांना बंदी करण्याचा नियम त्याने प्रवचनातच मांडला, आणि श्रोत्यांनी त्या सुंदर वाक्यांनाही टाळ्या दिल्या!

ऑगस्टीनला मात्र परत बोलते व्हावे लागले ते त्याच्या इच्छेविरुद्ध. ३९१ मध्ये तो हिप्पो या बंदराच्या गावी गेला असता लोकांनी त्याला धरून धर्मगुरूची दीक्षा घेण्यास भाग पाडले. तेथील वृद्ध बिशप वालेरियस जन्माने ग्रीक असल्याने लॅटिनमध्ये कच्चा होता. बिशपच्या उपस्थितीत साध्या धर्मगुरूने प्रवचन करू नये, ही आफ्रिकेतील रूढी त्याने मोडली आणि ऑगस्टीनला बोलावयास लावले. दीक्षेनंतर ऑगस्टीनने धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी काही अवधी मागून घेतला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने राजसभेत भाषणे केली, त्याला कोळी, खलाशी आणि शेतकऱ्यांपुढे उभे राहण्यास आपण अपुरे आहोत असे वाटले.

उभे राहण्यास हा शब्द येथे खरे तर चुकीचा आहे. त्या मंदिरांत बिशप आसनावर बसून बोले आणि लोक उभे राहून ऐकत. ते मध्येच ओरडत, ओळखीचे वचन आले की पुढचे शब्द स्वतःच म्हणत, कंटाळले की चुळबुळ करीत. या श्रोत्यांनी त्याची भाषा घडविली. लॅटिनमध्ये ‘ओस’ या शब्दाचा स्वर ऱ्हस्व असेल तर हाड आणि दीर्घ असेल तर तोंड असा अर्थ होतो. आफ्रिकेतील कानांना हा ऱ्हस्वदीर्घभेद कळत नसे. तेव्हा हाडासाठी सरळ ‘ओस्सुम’ असे अशुद्ध, पण लोकांच्या तोंडचे रूप वापरावे, असा निर्णय या माजी अध्यापकाने दिला. व्याकरणपंडितांनी नावे ठेवली तरी चालतील, लोकांना कळले नाही तर चालणार नाही, अशी त्याची धारणा होती. ज्या मनुष्याचा चरितार्थ एके काळी शुद्ध उच्चारांवर चालला, त्याने हे लिहावे याचे मोल वेगळे आहे.

कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने, नवागतांना शिकविताना आपलेच बोलणे आपल्याला नीरस वाटते, अशी तक्रार केली. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक छोटा ग्रंथच लिहिला. माझेही बोलणे मला जवळजवळ नेहमीच असमाधानकारक वाटते, अशी कबुली देऊन तो पुढे अगदी व्यवहारी सूचना करतो: ऐकणारा थकला असेल तर त्याला बसावयास आसन द्यावे.

वक्तृत्वाविषयीचे त्याचे परिणत विचार ‘दे दोक्त्रीना ख्रिस्तियाना’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात आहेत. हा ग्रंथ सुमारे ३९६ मध्ये सुरू होऊन अर्धवट राहिला आणि तीस वर्षांनी, ४२६-२७ च्या सुमारास, पुरा झाला. मधली तीस वर्षे प्रवचनांत गेली होती. म्हणून चौथ्या भागात पुस्तकी नियम थोडे आणि अनुभव फार. शिकविणे, रिझविणे आणि मन हलविणे ही वक्त्याची तीन कार्ये त्याने सिसेरोकडूनच घेतली. असत्याचे कैवारी जर ही शस्त्रे वापरतात, तर सत्याच्या बाजूने उभ्या असलेल्यांनी निःशस्त्र का राहावे, असा त्याचा रोकडा प्रश्न आहे.

तिसऱ्या कार्याचे उदाहरण त्याने स्वतःच्याच जीवनातील दिले आहे. मॉरेतानिया प्रांतातील सीझेरिया नगरात दर वर्षी ठराविक काळी गावाचे दोन तट पडत आणि लोक कित्येक दिवस एकमेकांवर दगडफेक करीत. शेजारी, भाऊ, बापलेकसुद्धा परस्परांविरुद्ध उभे ठाकत आणि ज्याला शक्य होई तो दुसऱ्याचा जीव घेई. ऑगस्टीनने सर्व सामर्थ्य पणाला लावून या पिढीजात चालीविरुद्ध भाषण केले. लोकांनी जयघोष केला. त्याला समाधान वाटले नाही. जयघोषाचा अर्थ इतकाच की त्यांना समजले आणि आवडले. पुढे त्यांच्या डोळ्यांत अश्रू दिसले तेव्हा कार्य साधले असे त्याने ताडले आणि विषय बदलून भाषण थांबविले. त्यानंतर आठ वर्षे किंवा अधिक काळ तेथे तसा प्रकार घडला नाही, अशी नोंद त्याने केली आहे.

सिसेरोचा हा वारसा येशूसंघाच्या विद्यालयांमार्गे गोमंतकापर्यंतही पोहोचला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे त्याच परंपरेतले. श्रोत्यांच्या कानाला परिचित असलेला ओवी छंद त्यांनी स्वीकारला आणि ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ‘ओस्सुम’ म्हणणाऱ्या बिशपला ही निवड खचितच रुचली असती.

बोललेला शब्द हवेत विरतो. ऑगस्टीनची पाचशेहून अधिक प्रवचने आज उपलब्ध आहेत, याचे श्रेय समोर बसून शब्दन् शब्द टिपणाऱ्या लघुलेखकांना आहे. त्याच्या आधी दीडशे वर्षे होऊन गेलेल्या ऑरिजेनने साठी उलटेपर्यंत आपली प्रवचने टिपून घेऊ दिली नव्हती. ऑगस्टीनने तो संकोच बाळगला नाही. २८ ऑगस्ट ४३० रोजी तो मरण पावला तेव्हा व्हँडल सैन्याचा हिप्पोला वेढा पडला होता. त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो की त्याने मृत्युपत्र केले नाही, कारण देण्याजोगे काही नव्हतेच. मात्र मंदिराचे ग्रंथालय पुढील पिढ्यांसाठी काळजीपूर्वक जपावे, असे तो वारंवार सांगत असे. पॉसिडियसने त्याच्या ग्रंथांची, पत्रांची आणि प्रवचनांची सूची करून चरित्राला जोडली.

जर्मनीतील माइन्झच्या नगर ग्रंथालयातील हस्तलिखितांची नवी छापील सूची चाळताना १९९० मध्ये फ्राँस्वा दोल्बो या फ्रेंच अभ्यासकाचे लक्ष पंधराव्या शतकातील एका पोथीकडे गेले. एका मठातून आलेल्या त्या पोथीत ऑगस्टीनची सव्वीस प्रवचने अशी निघाली की जी पूर्णतः किंवा अंशतः अज्ञात होती. २००७ मध्ये एरफुर्ट येथील ग्रंथालयात आणखी सहांचा शोध लागला. माइन्झच्या पोथीतील सर्वांत मोठे प्रवचन १ जानेवारीचे आहे. अभ्यासक ते ४०४ सालचे मानतात. बाहेर नववर्षाचा जल्लोष चालू असताना लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून ऑगस्टीन त्या दिवशी बोलतच राहिला. ३८५ सालीही १ जानेवारीलाच मिलानमध्ये त्याने बाउतो या नव्या कॉन्सलचे स्तुतिपर भाषण केले होते. ते भाषण कोठेही उरलेले नाही.