ध्रुव, नागराज आणि भडकल दरवाजा



आमचं शहर औरंगाबाद होतं तेव्हाची गोष्ट. गुलमंडीजवळच्या एका बोळात भाड्याने कॉमिक्स मिळत. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक सुतळी. सुतळीवर कॉमिक्स धुण्यासारखी वाळत घातलेली. आठ आणे द्यायचे आणि तिथेच पायरीवर बसून वाचायचं. इंद्रजालचे मराठी वेताळ नि मँड्रेक हाताळून मऊ पडलेले, राज कॉमिक्स हिंदी आणि करकरीत. आमच्या गल्लीला हिंदीचं वावडं कधीच नव्हतं.

पायरीवरचं भांडण ठरलेलं. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव भिडले तर कोण जिंकणार? नागराजच्या अंगात साप, फुंकरीत विष. ध्रुवकडे काय? सर्कशीत वाढल्यामुळे आलेल्या कसरती, एक मोटारसायकल आणि डोकं. शेजारचा दोस्त म्हणे, “नागराज एक फूंक मारेगा, ध्रुव खल्लास!” मी ध्रुववाला. माझ्याकडे उत्तर नसे, पण माघारही घेत नसे.

पुढे ते दोघे खरोखरच एका कॉमिक्समध्ये आले. आधी गैरसमज, मग हाणामारी, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला लोळवायचं, असा सगळा मामला. हिशेब साधा आहे. दोघांचेही वाचक टिकवायचे तर प्रकाशक हरवणार कुणाला? वेताळ आणि मँड्रेकची तर गोष्टच वेगळी. दोघांना जन्म दिला ली फॉक यांनी, मँड्रेकला 1934 मध्ये, वेताळाला 1936 मध्ये. एका घरातली भावंडं ती. वेताळाच्या लग्नात मँड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. तिथे कसली आलीय स्पर्धा!

खरी स्पर्धा आणि खरा मान पाहायचा तर फ्रँक मिलरचं 1986 चं बॅटमॅन पाहा, ‘द डार्क नाइट रिटर्न्स’. बॅटमॅन उतारवयातला, सुपरमॅन सरकारच्या बाजूचा. दोघांची झुंज होते आणि त्यातच बॅटमॅनचं हृदय बंद पडतं. नंतर दफनाच्या वेळी सुपरमॅन कबरीपाशी उभा असताना त्याच्या कानावर मातीखालून बारीकशी धडधड येते. म्हणजे मेल्याचं सोंग! सुपरमॅन काय करतो? बॅटमॅनच्या चेलीकडे पाहून एक डोळा मिचकावतो आणि चालू लागतो. कुणाला सांगत नाही. इतकी मोठी दाद मी दुसऱ्या कुठल्या कॉमिक्समध्ये पाहिली नाही.

पण अशी एक जोडी आपल्या गावातही होऊन गेली, हे मला फार उशिरा कळलं. मलिक अंबर आणि बादशहा जहांगीर.

अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आपलं शहर. समोर मुघलांची अफाट फौज. याच्याकडे चपळ घोडेस्वार, मराठे सरदार, आणि रसद तोडून पसार होण्याची युक्ती, जिला मुघल बर्गीगिरी म्हणत. म्हणजे ध्रुवच की! जहांगीर आपल्या आठवणींत त्याचं नाव शिवी दिल्याशिवाय घेत नाही.

सन 1616 च्या सुमाराला अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढलं. ते कॉमिक्समध्ये सहज खपेल. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा, गोल बैलावर, बैल माशाच्या पाठीवर. हातात ताणलेलं धनुष्य, आणि समोर भाल्यावर टांगलेलं अंबरचं शिर. त्या शिरावर घुबड. आजूबाजूला बारीक फारसी अक्षरं, जणू संवादाचे फुगेच. गंमत अशी, की अंबर तेव्हा जिवंत होता आणि पुढे आणखी दहा वर्षं जगला. मुघलांना तो हाती लागलाच नाही. पायरीवर आम्ही नागराजकडून ध्रुवला तोंडी मारवत होतो, बादशहाने तेच सोन्याच्या रंगात करून घेतलं.

अंबर 1626 मध्ये वारला. जहांगीरच्याच दरबारातला मुतमद खान आपल्या ‘इक्बालनामा’त या शत्रूबद्दल काय लिहितो? लढाईत, नेतृत्वात, समजुतीत आणि कारभारात त्याच्या जोडीचा कोणी नव्हता. हबशी गुलाम इतका मोठा झाल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. पगार मुघलांचा आणि लेखणीतून हे! हे वाचलं तेव्हा मला तो कबरीजवळचा मिचकावलेला डोळा आठवला.

मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरने 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही टाउन हॉलजवळ उभा आहे. अंबर स्वतः खुलदाबादला आहे. आणि बादशहाचं ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.