काम झालं, पण माणूस अजून दारात आहे
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आज मी कर्जाचं, परतफेडीचं, दशसूत्रीचं काहीच बोलणार नाही. एका हजार रुपयांची गोष्ट सांगणार आहे.

आपल्याच भागातल्या एका आजी निराधारचे पैसे काढायला बीसी सखीकडे गेल्या. सखीने अंगठा घेतला. मशीनवर आलं, 'व्यवहार अयशस्वी'. सखी म्हणाली, "आजी, रेंज नाही, परवा या." आजी घरी गेल्या. चार दिवसांनी पासबुकावर नोंद करून घेतली, तर हजार रुपये कमी! मग काय, पिठाच्या गिरणीवर एकच चर्चा: "सखीने म्हातारीचे पैसे खाल्ले."

दुसऱ्याच दिवशी पैसे खात्यात परत आले. पण नाव कुठे परत आलं? सखीकडची गर्दी निम्म्यावर आली. ती रडत मला म्हणाली, "ताई, मी माझं काम केलं की. माझं काय चुकलं?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. आम्ही तिला मशीन शिकवलं होतं. मशीन अडल्यावर समोरच्या माणसाशी काय बोलायचं, ते शिकवलंच नव्हतं. ती चूक आमची.

मग आम्ही दोघी आजींच्या ओट्यावर जाऊन बसलो. सांगितलं, की कधी कधी खात्यातून पैसे वजा होतात, पण मधेच रेंज तुटते आणि मशीनपर्यंत निरोप पोचत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, असे अडकलेले पैसे ५ दिवसांत परत जमा झाले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. आजी म्हणाल्या, "अगं, हे त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी कशाला गावभर बोलले असते?"

ताईंनो, दोन मिनिटांचं बोलणं राहिलं होतं, बाकी काही नाही.

आता ती सखी काय करते, ऐका. व्यवहार फसला तरी त्याची पावती देते. "पाच दिवसांत पैसे आले नाहीत तर ही पावती घेऊन या, आपण बँकेत तक्रार करू," असं सांगते. सहाव्या दिवशी स्वतःच चौकशी करते. खुरपून, भांडी घासून बोटं झिजलेली असतात, अंगठा उमटत नाही. तेव्हा ती माघारी पाठवत नाही. बोट पुसून घेते, दुसरं बोट लावून बघते, कारण आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. खात्यात शिल्लक किती, ते रांगेसमोर ओरडून नाही, हळूच कानात सांगते.

पावती देणं आणि गिऱ्हाइकाकडून वरचे दहा-वीस रुपये न घेणं, हा तर नियमच आहे. बाकीचं सगळंच नियम म्हणून सांगितलेलं नसतं. त्याचं कमिशनही मिळत नाही. पण लोक परत येतात ते त्याच्यासाठीच.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बीसी सखी? पण तुम्ही ब्लाऊज शिवता, पापड लाटता, दूध घालता. ब्लाऊज दिला, पैसे घेतले, काम झालं. तरी लग्नाच्या दोन दिवस आधी एक फोन करून बघा, "बाह्या नीट बसल्या का गं?" उसवायचं असेल तर वेळ हातात असते. ऐन मांडवात कळलं तर ती बाई पुन्हा तुमच्या दारात येणार नाही, आणि का आली नाही हेही सांगणार नाही.

याचा अर्थ फुकट राबा किंवा उधारी वाढवा, असा नाही. दाम पूर्ण घ्या. पण माणूस समाधानाने उठला का, तेवढं बघा.

पुढच्या साप्ताहिक बैठकीत बचत गोळा झाली की प्रत्येकीने एकच सांगायचं: माझं कोणतं गिऱ्हाईक यायचं बंद झालं? आणि मग त्या घरी एकदा जाऊन यायचं.

त्या आजी आता पुन्हा त्याच सखीकडे येतात. येताना शेजारणीलाही घेऊन येतात.